डबा कंपनीचा, ताप आपला

१९९० च्या दशकात ज्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पहिला कॉम्प्युटर घेतला, त्यांना 'असेम्बल्ड' आणि 'ब्रँडेड' यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ब्रँडेड बँकेत असायचा, असेम्बल्ड घरी यायचा. दुकानदार कागदावर एकेक ओळ लिहायचा: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस (वीजपुरवठा), कॅबिनेट. प्रत्येक ओळीची किंमत वेगळी, प्रत्येक ओळीवरची घासाघीसही वेगळी. दोन वर्षांनी त्यातली एखादी ओळ खोडून नवी लिहिता यायची. त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजे सुट्या भागांची मोट, ही समजूत त्या पिढीच्या डोक्यात पक्की बसली.

तीच पिढी पुढे न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियात गेली आणि तिची मुलं गेम खेळू लागली. पण अमेरिकेत घरात येतो तो बहुधा तयार डबा, म्हणजे 'प्रीबिल्ट'. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात कॉस्टको किंवा बेस्ट बायमधून उचललेला, एका बाजूला काच आणि आत रंगीबेरंगी दिवे असलेला. दोन-तीन वर्षं मजेत जातात. मग एखादा नवा गेम अडखळायला लागतो, पंखे मिक्सरसारखे ओरडायला लागतात आणि घरात विषय निघतो. एडिसनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो माझ्याकडे काढला. म्हणाला, "मामा, प्रोसेसर बदलू या. चारच तर स्क्रू आहेत."

स्क्रू खरंच चारच होते. पण त्या चार स्क्रूंच्या खाली गेल्या तीस वर्षांतले व्यापारी निर्णय, पदार्थविज्ञान, अमेरिकन ग्राहक कायदा आणि घरातलं कार्पेट असं बरंच काही दडलेलं असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. तयार डब्यात प्रोसेसर हा बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी बदलायचा भाग असतो. आधी बदलायची ती हवा. आणि प्रोसेसर बदलता येईल की नाही, हे तो बनवणारी इंटेल किंवा एएमडी एकटी ठरवत नाही. शेवटचा शब्द डबा भरणाऱ्या कंपनीचा.

या डब्यांची दोन घराणी आहेत. खास गेमसाठी कॉम्प्युटर बांधून विकण्याचा धंदा अमेरिकेत छोट्या दुकानदारांनी सुरू केला. केल्ट रीव्ह्ज यांची फाल्कन नॉर्थवेस्ट १९९२ ची, आणि मायामीत नेल्सन गोन्झालेझ व अलेक्स अगीला यांनी काढलेली एलियनवेअर १९९६ ची. ही मंडळी आपल्या लॅमिंग्टन रोडवाल्यांसारखीच बाजारातले भाग आणून जोडायची; फक्त रंगकाम झकास आणि किंमत चढी. मग २००६ साली डेलने एलियनवेअर विकत घेतली, त्याच वर्षी एचपीने तसंच काम करणारी व्हूडू घेतली, आणि गेमिंगचा डबा मोठ्या कारखान्यांच्या पट्ट्यावर गेला. आज एका बाजूला डेल, एचपी, लेनोवो, एसर ही मोठी घराणी आहेत. दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ इंडस्ट्री या गावातल्या सायबरपॉवर आणि आयबायपॉवरसारखे जोडणीवाले आहेत. दुसऱ्यांच्या डब्यात बऱ्याचदा बाजारात मिळणाराच मदरबोर्ड असतो. पहिल्यांच्या डब्यात तो कंपनीने स्वतःसाठी करवून घेतलेला असतो, आणि खरी भानगड तिथून सुरू होते.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं मापांचं मानक आणलं. बोर्डाची लांबी-रुंदी, भोकांच्या जागा, वीज आणणाऱ्या प्लगांची रचना, सगळं ठरलं. असेम्बल्डची सगळी दुनिया या मानकावर उभी आहे. मोठ्या कंपन्यांना मात्र ते पाळण्याची सक्ती नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या डेस्कटॉपमध्ये असा वीजजोड यायला लागला की दिसायला हुबेहूब एटीएक्स, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. बाजारातला एसएमपीएस आणून लावला की प्लग बिनतक्रार बसायचा आणि मग बोर्ड तरी जळायचा किंवा एसएमपीएस तरी. वेगळ्या आकाराचा प्लग केला असता तर निदान माणूस थांबला असता. आज असं सरसकट होत नाही. पण कंपनीच्या खास आकाराचा बोर्ड, फक्त १२ व्होल्ट देणारा वीजपुरवठा, वेगळ्या पिनांचे पंखे, कॅबिनेटच्या पत्र्यालाच घट्ट बसवलेला कूलर असे प्रकार चालूच आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या 'गेमर्स नेक्सस'च्या स्टीव्ह बर्क यांनी असे डबे स्वतः विकत घेऊन, उघडून, तापमान मोजून कंपन्यांना चांगलंच फैलावर घेतलं आहे. अशा टीकेचा परिणाम म्हणा किंवा बाजाराचा दाब म्हणा, जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एलियनवेअरने 'एरिया-५१' हे आपलं जुनं नाव परत आणलं, तेव्हा पुढेमागे बाजारातला एटीएक्स बोर्ड आणि एसएमपीएस बसवता येईल, हे जाहिरातीचा मुद्दा म्हणून सांगितलं. तीस वर्षांपूर्वीची साधी सोय आता वैशिष्ट्य म्हणून विकली जाते आहे.

आता प्रोसेसर. पहिला प्रश्न सॉकेटचा, म्हणजे चिप ज्या खाचेत बसते तिचा. इथे इंटेल आणि एएमडी यांचे स्वभाव वेगळे. इंटेल साधारण दोन-तीन पिढ्यांनी सॉकेट बदलते. बारावी, तेरावी, चौदावी पिढी एलजीए १७०० मध्ये; ऑक्टोबर २०२४ ला आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका एलजीए १८५१ मध्ये. त्याआधी तर कमालच होती: सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी या दोन्हींचा सॉकेट एलजीए ११५१ याच नावाचा, पण एकीची चिप दुसरीच्या बोर्डावर चालत नाही. नाव सारखं बघून जुन्या बाजारातून चिप घेतलेले आणि हात चोळत बसलेले कितीतरी लोक असतील.

एएमडीचं एएम४ हे सॉकेट या बाबतीत दिलदार निघालं. २०१७ मध्ये पहिल्या रायझनबरोबर ते लोकांच्या घरात आलं आणि त्याच खाचेत एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी बसली. ही चिप समजून घेण्यासारखी आहे. गेममध्ये प्रोसेसरचा बराच वेळ आकडेमोडीत जात नाही, रॅममधून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो. एएमडीने चिपच्या पाठीवर ६४ मेगाबाइट कॅशेचा, म्हणजे चिपेतल्याच जलद स्मृतीचा, आणखी एक मजला चढवला आणि एकूण कॅशे ३२ वरून ९६ मेगाबाइटवर नेली. घड्याळाचा वेग थोडा कमी ठेवूनही गेममध्ये ती साध्या ५८००एक्सच्या पुढे गेली. तेव्हाची किंमत ४४९ डॉलर. जानेवारी २०२४ मध्ये तिची धाकटी बहीण ५७००एक्स३डी २४९ डॉलरला आली. ज्यांच्याकडे २०१९-२० चा रायझनवाला डबा होता, त्यांना मदरबोर्डही न बदलता जवळजवळ नवं मशीन मिळण्याची ही संधी होती. तयार डब्याच्या इतिहासात प्रोसेसर बदलण्याचा इतका फायद्याचा सौदा मला दुसरा आठवत नाही.

पण त्यालाही अट होतीच. नवी चिप ओळखण्यासाठी बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, अद्ययावत हवं, आणि तयार डब्यात ते डबेवाल्या कंपनीकडूनच यायला हवं. एएमडीने सगळ्यात जुन्या बोर्डांनाही २०२२ मध्ये परवानगी दिली; पण ती परवानगी घेऊन नवं बायोस लिहून देण्यात कंपनीला काय रस? तिला नवा डबा विकायचा असतो. परिणाम असा की सॉकेट तोच, चिपसेट तोच, बाजारातल्या बोर्डावर तीच चिप पळते आहे, आणि आपल्या डब्यात मात्र काळा पडदा. म्हणून चिप विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलचं शेवटचं बायोस कोणत्या तारखेचं आहे आणि त्याच मॉडेलच्या सगळ्यात महागड्या आवृत्तीत कंपनी कोणता प्रोसेसर घालत होती, एवढं तरी बघावं. जो प्रोसेसर कंपनीने स्वतः त्याच बोर्डावर विकला, तो बहुधा चालतो. त्यापलीकडचं सगळं धाडस.

'बहुधा' म्हणतो, कारण एकाच नावाच्या दोन डब्यांतही फरक असतो. स्वस्त आवृत्तीत व्हीआरएमवर हीटसिंक नसतो, महागड्यात असतो. व्हीआरएम म्हणजे एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला सव्वा-एक व्होल्ट देणारी बोर्डावरची यंत्रणा. तिच्यावर किती भार असतो ते आकड्यात बघा: १.२ व्होल्टला २०० वॅट म्हणजे सुमारे १६७ अँपिअर. अमेरिकन घरातल्या भिंतीतल्या साध्या सर्किटला १५ अँपिअर चालतात. नखाएवढ्या भागांतून एवढा प्रवाह जात असेल आणि त्यांच्यावर धातूचा तुकडाही नसेल, तर बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरला आवरतो. मग आय९ घातला तरी तो आय५ सारखा चालतो.

इथेच डब्यावर लिहिलेल्या '६५ वॅट' या आकड्याची गंमत येते. इंटेलचा आय५-१२४००एफ ६५ वॅटचा. आय७-१२७००एफ सुद्धा ६५ वॅटचा. दोघांचा कूलर सारखाच चालेल असं वाटतं. पण ६५ हा मूळ वेगाचा आकडा; जोर लावताना पहिला ११७ वॅटपर्यंत जातो आणि दुसरा १८० पर्यंत. आय९-१२९००केची ती मर्यादा २४१, तर १३९००केची २५३. एका गोल अॅल्युमिनियमच्या चकतीवर पंखा बसवून १८० वॅट बाहेर काढता येत नाहीत. कंपनीला ते माहीत असतं, म्हणून ती बायोसमध्येच जोराची मर्यादा खाली ओढून ठेवते आणि ती बदलण्याचा मार्ग बंद करते. म्हणजे कागदावर आय७, प्रत्यक्षात दोन मिनिटांचा आय७.

एक इशारा जुन्या बाजारातून तेराव्या-चौदाव्या पिढीचा जोरकस इंटेल प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी. २०२४ मध्ये या चिपा काही महिन्यांच्या वापरानंतर डळमळीत होत असल्याचं उघड झालं. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्याने तिची झीज होत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्तीचा मायक्रोकोड, म्हणजे चिपेच्या आतली आज्ञावली, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही, आणि तो मायक्रोकोड डब्यात पोचतो तोही कंपनीच्या बायोसमधूनच. ज्यांनी तयार डबा घेतला होता त्यांना इंटेलने डबेवाल्याकडेच जायला सांगितलं. दुसऱ्या हाताने घेतलेल्या सुट्या चिपेचा वाली कोण, याचं उत्तर विकत घेणाऱ्याने आधी स्वतःला द्यावं.

हे सगळं ओलांडण्याआधी एक फुकटची परीक्षा आहे, आणि ती न करता पैसे घालवणारे मी पुष्कळ पाहिले. गेम चालू असताना रिझोल्यूशन कमी करायचं. फ्रेम भराभर वाढल्या तर दमलंय ते ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडतो आहे. सायबरपंक २०७७ सारखा गेम ४के पडद्यावर खेळणाऱ्याला प्रोसेसरचा फारसा फरक पडत नाही. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट १०८०पी वर, सेकंदाला २४० फ्रेमच्या हट्टाने खेळणाऱ्याला पडतो. फ्लाइट सिम्युलेटर आणि मोठाल्या नकाशांचे डावपेचांचे खेळ हेही प्रोसेसर खाणारे. आणि झाकण उघडलंच आहे तर रॅमकडे बघा. तयार डब्यात बऱ्याचदा दोन खाचांऐवजी एकाच खाचेत एक पट्टी घालून पैसे वाचवलेले असतात. रस्ता दोन पदरी, वाहतूक एकाच पदरातून. अशा डब्यात दुसरी जुळती पट्टी घातली की अडखळणं बरंच कमी होतं, प्रोसेसरला हात न लावता.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो: उष्णता. प्रोसेसर खातो ती जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ग्राफिक्स कार्डासकट डबा ४०० वॅट खात असेल, तर खोलीत ४०० वॅटचा हीटर लावल्यासारखंच आहे. ही उष्णता डब्यातून न्यायची ती हवेनेच. डब्यातली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर ४०० वॅटसाठी दर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा आत येऊन बाहेर जायला हवी. पंख्यांच्या भाषेत मिनिटाला ७० घनफूट. हवा निम्मी आली तर वाढ दुप्पट: २० अंश. हे गणित पाचवीतल्या मुलालाही येईल, पण अनेक डब्यांच्या समोर अखंड काच किंवा प्लास्टिकचा पत्रा असतो, हवेला बाजूला बोटभर फट, आणि आत तीन दिवे लावलेले पंखे त्या फटीतून ओढाताण करत असतात. दुकानात काच शोभते.

त्यात अमेरिकन घर. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, त्यात डबा बुडवून ठेवलेला, खालून एसएमपीएसला हवा घेण्याची जाळी लोकरीत गुदमरलेली. कुत्र्या-मांजराचे केस. हिवाळ्यात भट्टीची कोरडी हवा, उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीतलं तापमान तळमजल्यापेक्षा चढं. मी डबा उघडायला बोलावणं आलं की आधी विचारतो, तो कुठे ठेवलाय? टेबलावर किंवा फळीवर उचलून ठेवणं, जाळी साफ करणं आणि समोरचा पत्रा काढून अर्धा तास गेम खेळून बघणं, याला पैसे पडत नाहीत. पत्रा काढल्यावर तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर रोग कळला.

मोजल्याशिवाय मात्र काही करू नये. एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर लावून अर्धा तास खेळायचं आणि प्रोसेसरचं तापमान व वेग बघायचा. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपा १०० अंश सेल्सियसला स्वतःचा वेग तोडतात. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक चिपांची कमाल ९५ आहे, आणि ५८००एक्स३डीची ९०. तापमान त्या रेषेला चिकटून असेल आणि वेग खाली येत असेल तर तुम्ही पैसे दिलेल्या प्रोसेसरचा काही भाग तुम्हाला मिळतच नाहीये. तो मिळवणं नव्या प्रोसेसरपेक्षा स्वस्त. रायझन ७००० च्या बाबतीत एक खुलासा: जास्तीत जास्त जोर लावताना ती मुद्दामच ९५ पर्यंत चढते, ती तिची रीत आहे. आकडा बघून घाबरू नये, वेग बघावा.

कूलर हवेचा की पाण्याचा, यावर मुलं रात्र-रात्र वाद घालतात. हवेच्या कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्यांत थोडं पाणी असतं, ते तळाशी वाफ होतं, वर धातूच्या पातळ पात्यांत थंड होऊन परत खाली झिरपतं. पंप नाही, बिघडायला काही नाही. पाण्याच्या बंद कूलरमध्ये, ज्याला सगळे एआयओ म्हणतात, पंप असतो, रबरी नळ्यांतून द्रव फार हळूहळू उडून जातो आणि पाच-सहा वर्षांत तो बदलावा लागतो. दोन्ही शेवटी खोलीतल्याच हवेत उष्णता सोडतात. खोलीपेक्षा थंड कोणीच करू शकत नाही. पाण्याचा फायदा असा की तो उष्णता डब्याच्या कडेला नेऊन सोडतो आणि रेडिएटर मोठा लावता येतो. पण तयार डब्यात 'लिक्विड कूल्ड' अशी पाटी लावून आत १२० मिलिमीटरचा एकच पंखा असलेला छोटा रेडिएटर असतो, तेव्हा त्या पाटीचे जादा डॉलर गेले ते गेलेच. थर्मलराइटचा दोन मनोऱ्यांचा पीअरलेस असॅसिन हवेचा कूलर अमेरिकेत साधारण ३५ ते ४० डॉलरला मिळतो आणि तशा छोट्या एआयओला सहज भारी पडतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५ त्याहून नावाजलेला, त्याहून खूप महाग, आणि १६५ मिलिमीटर उंच. इथेच फसायला होतं. कूलर घेण्याआधी बोर्डापासून बाजूच्या काचेपर्यंत पट्टी लावून मोजा. पीअरलेस असॅसिनची नेहमीची आवृत्ती १५५ च्या आसपास आहे, ती जास्त डब्यांत बसते.

बसवण्याच्या कामात तीन ठिकाणी हात थांबवावा. एक, एएम४ रायझनचा जुना कूलर सरळ वर ओढायचा नाही. चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट सुकून डिंक झालेली असते, आणि एएम४ मध्ये पिना चिपेला असतात, त्यामुळे कूलरबरोबर चिप खाचेतून उपटून येते आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून डबा गरम करायचा, मग बंद करून कूलर हळूहळू पिळत सोडवायचा. दोन, इंटेल आणि एएमडीच्या नंतरच्या एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डात असतात. तिथे चिप हातातून निसटली तर बोर्ड गेला. तीन, हिवाळ्यात कार्पेटवर मोजे घालून चालत येऊन बोर्डाला हात लावायचा नाही. दाराच्या मुठीला हात लावल्यावर जो चटका बसतो तोच इथे बसतो, फक्त आपल्याला कळत नाही. आधी धातूला हात लावा. जुनी पेस्ट पुसायला औषधाच्या दुकानातलं ९१ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. नवी पेस्ट वाटाण्याएवढी. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही, हे तुपाला लागू नसेल पण इथे आहे.

काही कंपन्यांच्या डब्यात जुना पंखा काढला की सुरू होताना 'पंखा सापडला नाही' अशी ओरड होते आणि एफ१ दाबल्याशिवाय पुढे जात नाही. काहींच्या बोर्डाच्या मागची पट्टी कायमची चिकटवलेली असते. यांना उपाय आहेत, जोडवायरी मिळतात, पण त्या शोधण्यात एक रविवार जातो.

डबा उघडला तर वॉरंटी जाईल, ही भीती भारतीय घरात जरा जास्तच. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. अमुकच भाग वापरा नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. 'हे स्टिकर काढल्यास वॉरंटी संपली' असल्या चिकटपट्ट्यांवरून फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा काही कंपन्यांना पत्रं धाडली. दुसऱ्या खेपेत एएसरॉक, झोटॅक आणि गिगाबाइट ही गेमिंगवाल्यांच्या ओळखीची नावं होती. तुमच्या हाताने बोर्ड मोडला तर त्याची भरपाई मात्र कंपनीने का द्यावी? दुरुस्तीच्या हक्काचे न्यूयॉर्क, मिनेसोटा, कॅलिफोर्निया या राज्यांचे कायदेही गेल्या काही वर्षांत लागू झाले. ते सुटे भाग आणि माहिती द्यायला लावतात, पण वेगळ्या आकाराचा बोर्ड एटीएक्स करत नाहीत. कायद्याचा एक विचित्र प्रसंग सांगण्याजोगा आहे. जुलै २०२१ मध्ये एलियनवेअर अरोराची काही रूपं कॅलिफोर्नियासह सहा राज्यांत डेलने पाठवणं थांबवलं, कारण तिथले नवे ऊर्जानियम. गेम खेळताना किती वीज जाते हा त्या नियमांचा मुद्दा नव्हता. डबा नुसता बसून असताना किती खातो, हा होता.

एक छोटी पण झोप उडवणारी गोष्ट विंडोजची. अनेक एएमडी डब्यांत सुरक्षेची किल्ली ठेवणारी यंत्रणा प्रोसेसरमध्येच असते. चिप बदलली की ती रिकामी होते, आणि डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लागलेलं असेल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती चिप काढण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्यावी, नाहीतर मुलाचे शाळेचे सगळे प्रकल्प आत अडकतात. मदरबोर्ड बदलला तर डब्याबरोबर आलेला विंडोजचा परवानाही बोर्डाबरोबर जाऊ शकतो. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका तरी लागते. म्हणजे आय७-७७०० वाला डबा कितीही थंड केला तरी तो आता वेगळ्या कारणाने मागे पडला. त्याच्या बोर्डावर आठवी पिढी चालतच नाही, हे वर आलंच.

पैशाचं गणित मी असं मांडतो. कूलर, समोर एक-दोन चांगले पंखे आणि पेस्ट हे शंभर डॉलरच्या आत होतं आणि प्रत्येक डब्याला कमीअधिक लाभतं. त्याच खाचेतली वरची चिप, बायोस अनुकूल असेल तर, दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीला, म्हणजे नवा बोर्ड, नवी चिप, नवी डीडीआर५ रॅम, आणि त्याबरोबर बहुधा एसएमपीएस आणि कॅबिनेटही, मी 'अपग्रेड' म्हणत नाही. खांब बदलले, वासे बदलले, कौलं बदलली. जुन्या घराचा राहिला तो फक्त ग्राफिक्स कार्डाचा देव्हारा. ते करायचं तर खुशाल करावं, पण असेम्बल्ड मशीन बांधतोय असं म्हणून करावं. मायक्रो सेंटरसारख्या दुकानात प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम यांचे एकत्र संच स्वस्तात मिळतात, ते याच लोकांसाठी. मात्र २०२५ च्या अखेरीला एआयच्या भुकेमुळे रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला घरगुती ग्राहकांचा क्रूशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे डीडीआर४ रॅमचा एएम४ डबा आहे, त्यांना तो राखण्याचं आणखी एक कारण मिळालं.

भाच्याला घेऊन मी पॅटर्सनच्या मायक्रो सेंटरला गेलो. त्याला रायझन ९८००एक्स३डी या चिपेचा खोका काचेच्या कपाटात दिसला तेव्हा तो तिथेच उभा राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती ४७९ डॉलरला आली होती. मी मागच्या रांगेत कूलर शोधत होतो. घरी येऊन समोरचा पत्रा काढला, कूलर बदलला, दोन पंखे उलटे बसवलेले होते ते सुलटे केले, डबा कार्पेटवरून उचलून पुस्तकांच्या जुन्या कपाटावर ठेवला. रिकव्हरी कीची गरज पडली नाही, पण ती लिहून ठेवली आहे. ताईला तिच्या खोलीपर्यंत येणारा आवाज थांबला एवढंच हवं होतं. गेम आता अडखळत नाही. प्रोसेसर अजून तोच आहे, आणि नव्याची यादी भाच्याच्या टेबलावर टेप लावून चिकटवलेली आहे.